गाडी पास, ब्रेक नापास

घाटात ट्रक उलटला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य ठरलेले असते. ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला. मृतांचा आकडा बदलतो, घाटाचे नाव बदलते, वाक्य तेच राहते. मराठीच्या तासाला आपण भावकर्तृक क्रियापदे शिकलो. उजाडते, सांजावते, मळमळते. त्यांना कर्ता शोधू नये असे सर सांगतात. ‘ब्रेक फेल झाला’ हे वाक्यही आपण त्याच पंक्तीत नेऊन बसविले आहे. जणू सांज झाली, तसा ब्रेक फेल झाला! कोणी केला, केव्हापासून होत होता, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आम्हा कला शाखेच्या मंडळींनी का उकरावा, असे विज्ञान शाखेचे मित्र म्हणतील. त्याला एक कारण असे की बसमध्ये बसताना तुम्ही कोणत्या शाखेचे हे कोणी विचारत नाही. दुसरे कारण आपल्या गावाचे. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे चाकांचे गाव आहे. 1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली बस धावली ती पुणे ते अहमदनगर याच मार्गावर. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था (जिला आपण सारे नुसते ‘व्हीआरडीई’ म्हणतो) तीही येथेच आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नव्या नमुन्याचे वाहन विक्रीस काढण्यापूर्वी ज्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावे लागते त्यांची यादी आहे. त्या यादीत पुण्याच्या ‘एआरएआय’च्या बरोबरीने नगरच्या या संस्थेचे नाव आहे. म्हणजे देशाच्या ट्रक-बसगाड्यांनी ज्या थोड्या गावांत परीक्षा द्यायची, त्यांतले एक आपले. त्या परीक्षेत नेमके काय विचारतात हे मात्र आपल्या गावात दहा जणांना विचारले तर नऊ जण खांदे उडवतील.

आधी उतार म्हणजे काय ते पाहू. चढावर इंजिन घाम गाळते हे दिसते, कारण ते ओरडते, धूर सोडते. उतारावर गाडी गप्प असते आणि म्हणून आपल्याला वाटते की आता विश्रांती आहे. खरी गोष्ट उलटी आहे. 16 टन वजनाची भरलेली बस घ्या. 6 टक्के उतार, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 6 मीटर खाली, असा रस्ता 6 किलोमीटर आहे असे समजा. बस 360 मीटर खाली येते. वर असताना तिच्या अंगी जी शक्ती होती, ती खाली येईपर्यंत कोठेतरी जिरवावी लागते. टायर आणि वारा थोडी खातात, बाकीचीची उष्णता होते. हिशेब केला तर ही उष्णता एक पिंपभर, सुमारे 190 लिटर, साध्या पाण्याला उकळी आणील इतकी भरते. बस ताशी 30 किलोमीटरने उतरली तर हे 12 मिनिटांत होते. म्हणजे त्या 12 मिनिटांत शंभराहून अधिक अश्वशक्तीचे एक इंजिन सतत ब्रेक तापविण्याचेच काम करीत असते म्हणा ना. वेग दुप्पट केला तर उष्णता तितकीच, पण वेळ निम्मा, म्हणजे जाळ दुप्पट. आणि 16 टनांच्या जागी 20 टन भरले तर सारेच सव्वापट.

सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने जाणारी हीच बस एकदा करकचून थांबविली, तर त्यात जी उष्णता निर्माण होते तिच्या सुमारे पंचवीस पट उष्णता या एका उतारात होते. गावातल्या गावात ज्या ब्रेकची कधी तक्रार नव्हती, तो घाटात दगा देतो याचे मर्म येथे आहे. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनिंगपासून दूर जातो. लायनिंग तापले की त्याची पकड कमी होते. चालक पायावर जोर वाढवितो, त्याने आणखी ताप होतो. जळका वास येऊ लागतो, चाकातून धूर निघतो, आणि मग पाय तळाला टेकतो. हे एका क्षणात होत नाही. दहा मिनिटे आधीपासून होत असते.

आता परीक्षा. आपल्याकडे जड वाहनांच्या ब्रेकसाठी भारतीय मानक आहे. त्याची धाटणी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या 13 क्रमांकाच्या नियमावलीशी जुळते. या नियमावलीत जड वाहनासाठी मुख्यतः तीन पायऱ्या आहेत. पहिली, गार ब्रेकची. भरलेले वाहन ताशी 60 वरून ठराविक अंतरात थांबले पाहिजे. हिशेबाने हे अंतर सुमारे 37 मीटर येते. दुसरी, तापलेल्या ब्रेकची. मिनिटामिनिटाच्या अंतराने वीस वेळा वेग निम्म्यावर आणायचा, आणि लगेच पुन्हा थांबवून पाहायचे. त्या वेळी ब्रेकने गार असतानाच्या आपल्या कामगिरीच्या निदान 60 टक्के तरी दाखविली पाहिजे. तिसरी पायरी घाटाची. वर जो हिशेब मांडला तोच. 6 टक्के उतार, 6 किलोमीटर, ताशी 30, योग्य गिअरमध्ये इंजिनाचा आधार घेऊन. खाली पोचल्यावर वाहन पुन्हा थांबवून दाखवायचे. लांब पल्ल्याच्या मोठ्या बसगाड्यांना आणि धोकादायक माल नेणाऱ्या ट्रकना याहून कडक अट आहे. त्यांनी 7 टक्क्यांचा उतार पायाच्या ब्रेकला स्पर्शही न करता, केवळ इंजिन, एक्झॉस्ट ब्रेक वा रिटार्डर यांच्या जोरावर उतरून दाखवायचा. पायाचा ब्रेक शिलकीत ठेवायचा, अडीनडीसाठी. घरात जसे आजी चार पैसे डब्यात ठेवून देत असे तसे.

गंमत अशी की ही घाटाची परीक्षा घाटात घ्यावीच लागते असे नाही. 6 किलोमीटर एकसारखा 6 टक्के उतार निसर्गात कोठे मिळतो? म्हणून सपाट मार्गावर वाहनाला दुसऱ्या वाहनाने ओढत नेतात आणि ब्रेक तेवढाच तापेल अशी व्यवस्था करतात. शास्त्राच्या दृष्टीने यात काही खोट नाही, उष्णतेचा हिशेब जुळला की झाले. नमुन्याची तुलना नमुन्याशी करायची तर परिस्थिती एकसारखी हवीच. मी या परीक्षेला नावे ठेवीत नाही. उलट ती ज्यांनी बसविली त्यांनी रस्तेबांधणीच्या नियमांशी तिचे नाते नीट ठेवले आहे. भारतीय रस्ते महासभेच्या संकेतात डोंगराळ भागासाठी साधारण 5 टक्के उतार धरावा, फार तर 6, आणि अगदी नाइलाज असेल तर 7, असे म्हटले आहे. परीक्षेतला उतार आणि रस्त्यातला उतार हे दोघे एकमेकांना ओळखतात.

माझी तक्रार वेगळी आहे. ही परीक्षा वाहनाचा एक नमुना देतो, आणि पुढे त्याची हजारो भावंडे त्या गुणपत्रिकेवर आयुष्य काढतात. मॅट्रिकला पहिला आलेल्या मुलाचे प्रमाणपत्र दाखवून त्याच्या पुतण्याने नोकरी मागावी, असा हा प्रकार नव्हे काय? नमुन्याचे लायनिंग नवे होते, ड्रम गोल होता, चारी बाजूंचे ब्रेक सारखे जुळविलेले होते, वजन कागदावर होते तेवढेच होते, आणि चालविणारा माणूस झोप काढून आला होता. आता चंदनापुरी घाटातून संगमनेरकडे उतरणारा एखादा आठ-दहा वर्षांचा मालट्रक डोळ्यांपुढे आणा. डाव्या चाकाचा ब्रेक लवकर लागतो, उजव्याचा उशिरा. लायनिंग गेल्या खेपेलाच बदलायचे होते. चालकाची रात्र उघड्या डोळ्यांनी गेली आहे. त्याची परीक्षा कोणी घेतली?

घेतली, असे उत्तर मिळते. दर वर्षा-दोन वर्षांनी पासिंग होतेच. नियम असा आहे की व्यापारी वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला नवा करून घ्यायचा. मात्र त्या दाखल्यासाठी ब्रेक कसा पाहिला जातो हा कळीचा मुद्दा आहे. चार पावले गाडी पुढे नेऊन दाबून थांबविली, चाके घासली, झाले, असा पाहण्याचा एक जुना मार्ग आहे. रिकाम्या गाडीची चाके घासतातच! भार नसलेल्या गाडीला थांबविणे हे काही ब्रेकचे मोठेपण नव्हे. दुसरा मार्ग रोलरचा. वाहनाची चाके फिरत्या रोलरवर ठेवायची आणि प्रत्येक चाक किती जोराने अडते, डावे-उजवे यांत फरक किती, हे यंत्राने मोजायचे. केंद्र सरकारने 2021 साली अशा स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आणि जड वाहनांना ती सक्तीची करण्याची तारीखही जाहीर केली. ती तारीख पुढे गेली. तारखा पुढे जाण्यात आपला देश कोणाला हार जाणार नाही. तरीही दिशा योग्य आहे हे मान्य केले पाहिजे, कारण माणसाच्या डोळ्याला मिंधेपण येऊ शकते, यंत्राच्या काट्याला सहसा येत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की रोलरवरची तपासणीही गार ब्रेकचीच असते. तापलेला ब्रेक काय करील ते ती सांगत नाही. तिच्यावरून एवढेच कळते की या गाडीला घाट उतरण्याची लायकी मुळात आहे की नाही.

मग घाटाच्या तोंडाशी काय करायचे? याचे उत्तर आपल्याच मुलखात दीडशे वर्षांपासून रुळांवर लिहून ठेवलेले आहे. बोरघाटाची रेल्वे 1863 साली सुरू झाली. चढण 37 फुटांना एक फूट. 1869 च्या जानेवारीत याच घाटात उतरणारी मेल गाडी आवरली गेली नाही आणि मोठा अपघात झाला. रेल्वेच्या लोकांनी घाटाशी वैर न करता त्याच्याशी करार केला. आजही कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबतात. प्रवासी खिडकीतून माकडांना शेंगा टाकतात आणि गाडी उगीचच थांबली असे समजून कुरकुरतात. ती उगीच थांबलेली नसते. पुढचा सांधा मुळातच बाजूच्या चढत्या, आंधळ्या रुळाकडे लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी उभी राहिली, म्हणजेच तिचे ब्रेक लागतात हे सिद्ध झाले, की मगच मुख्य रुळाकडे वाट मोकळी होते. न थांबणारी गाडी त्या चढावर जाऊन आपोआप दमते. रेल्वेने जे गृहीत धरले आहे ते पाहा : ब्रेक नाहीत असे आधी समजायचे, आहेत हे गाडीने दाखवायचे. आणि रोज, प्रत्येक गाडीने दाखवायचे. काल उतरली होती ही सबब चालत नाही.

रस्त्यावर आपण नेमके उलटे धरून चालतो. ब्रेक आहेत असे समजायचे, आणि नाहीत हे अपघाताने सिद्ध व्हायचे. 4 जुलै 2023 रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून उतरत आलेला कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. त्या हॉटेलात बसलेल्या माणसांचा घाटाशी काय संबंध होता? कोणी चहा पीत असेल, कोणी एस.टी.ची वाट पाहत असेल. उतारावरच्या वाहनाचे बळी बऱ्याचदा उतार संपल्यावर पडतात, सपाटीवर, ज्यांनी वर पाहिलेलेही नसते अशा माणसांचे. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे, तेथे 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका ट्रकने वाहनांची रांगच्या रांग चेचली. प्रथम ब्रेकचे नाव पुढे आले. चौकशीत उतारावर इंजिन बंद ठेवल्याची गोष्ट बाहेर आली.

इंजिन बंद! हे ऐकून अंगावर काटा येतो, पण रस्त्यावरच्या माणसांना त्यात नवल वाटत नाही. गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते ही समजूत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. हवेच्या ब्रेकला हवा भरतो तो कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की टाकीत असेल तेवढीच हवा. प्रत्येक दाबासरशी ती उतरत जाते. शिवाय गिअरमध्ये इंजिन जो विरोध करते तोही गेला, म्हणजे सारा भार लायनिंगवर. आणि वाचते काय? आजकालच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. म्हणजे नवी गाडी चालू इंजिनावर न्यूट्रलमध्ये उतरविणारा काही वाचवीत नाही, उलट थोडे जास्तच जाळतो. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जुन्या चालकांचा एक नियम होता : ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा. नव्या गाड्यांत त्याहून एक गिअर खाली धरणे अधिक बरे. एवढे एक वाक्य प्रत्येक चालकाच्या कानी घालण्यास किती खर्च येईल?

पण चालकाला शहाणपण शिकविण्यात एक सोयिस्कर अन्याय दडलेला आहे, आणि मला त्याविषयी बोलायचे आहे. खेपेला डिझेल मोजून मिळते, वाचेल ते त्याचे, असा जेथे व्यवहार असतो तेथे न्यूट्रलचा मोह मालकाने पगारातच घालून दिलेला असतो. लायनिंग पुढच्या महिन्यात बदलू, ही खेप तर काढ, हे वाक्य चालक बोलत नाही, तो ते ऐकतो. जादा माल भरण्याचा नफा एकाच्या खिशात, आणि जादा तापणारा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली. अपघातानंतर हयगयीचा गुन्हा नोंदला जातो तो प्रथम चालकावर, तो जिवंत असेल तर. ब्रेकची देखभाल-वही तपासून, गेल्या सहा महिन्यांत लायनिंग केव्हा बदलले, ड्रम केव्हा पाहिला, वजन किती भरले, हे विचारून मालकालाही शेजारी उभे केले पाहिजे. भावकर्तृक क्रियापदाला कर्ता मिळेल तो असा.

आपल्या जिल्ह्याचे म्हणून आणखी एक दुखणे आहे, आणि त्याला मोठा घाटही लागत नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यानंतर जिल्हाभर कारखाने झाले. हंगाम सुरू झाला की ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ब्रेक ट्रॅक्टरला, मागच्या ट्रॉल्यांपैकी किती जणींना स्वतःचा चालता ब्रेक असतो, हे कोणत्याही कारखान्याच्या वजनकाट्यावर तासभर उभे राहून ज्याने त्याने पाहावे. उतारावर मागचे ओझे पुढच्याला ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि मग नाव निघते रस्त्याच्या खड्ड्याचे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात वाहनांच्या परीक्षेची एवढी मोठी विद्या नांदते, त्याच जिल्ह्यात दर हिवाळ्यात बिनब्रेकच्या गाड्यांची जत्रा भरावी, यापरती विसंगती ती कोणती? दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच.

यावर काही जण म्हणतील, प्रत्येक घाटाच्या माथ्यावर ट्रक थांबवीत बसलो तर माल पोचायचा केव्हा? कांदा सडेल, भाजी कोमेजेल. आक्षेप पोकळ नाही. माळशेजमार्गे कल्याणच्या बाजारात पहाटे पोचणे ज्याच्या पोटाशी बांधलेले आहे त्याला दहा मिनिटांचीही किंमत असते. परंतु कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लांब उतारांच्या माथ्यावर रस्त्यालगत रुंद जागा केलेली असते, आणि जड वाहनांना तेथे थांबून ब्रेक पाहण्याची सक्ती असते. चालक उतरतो, चाकांना हात लावल्याइतक्या जवळून पाहतो, हवेचा काटा बघतो आणि पुढे जातो. तेथेही माल सडतोच की, तरी त्यांनी हे केले. आणि थांबण्याचा मोठा फायदा तपासणीत नाहीच; तो थांबण्यातच आहे. माथ्यावर शून्यातून निघालेली गाडी आपसूक खालच्या गिअरमध्ये उताराला लागते. वेगात माथा ओलांडलेल्या गाडीला मधेच खालचा गिअर टाकणे अवघड जाते, आणि तो टाकताना गाडी न्यूट्रलमध्ये राहून गेली तर पुढचे सांगायला नको.

करंजी घाट, चंदनापुरी घाट, औरंगाबाद रस्त्यावरचा इमामपूरचा घाट, हे सह्याद्रीच्या मोठ्या घाटांपुढे लहान आहेत. म्हणूनच ते गाफील ठेवतात. प्रारंभ येथूनच करता येईल. माथ्यावर दोन-चार ट्रक उभे राहतील एवढी सपाट जागा, उताराची टक्केवारी आणि लांबी लिहिलेला मराठी-हिंदी फलक, आणि तळाशी, वळणाआधी, वाळू-खडीचा एक चढता बगलरस्ता, ज्यात सुटलेले वाहन रुतून थांबेल. व्हीआरडीईच्या तज्ज्ञांनी या तीन घाटांत भरलेला, जुना, रोजच्या वापरातला ट्रक उतरवून ड्रमची उष्णता मोजली आणि ते आकडे लोकांपुढे ठेवले तर किती बरे होईल! नव्या नमुन्याची गुणपत्रिका आपण पुष्कळ पाहिली. एकदा थोरल्या भावाचीही पाहू. कारखान्यांनी गळीत सुरू होण्यापूर्वी ट्रॉल्यांचे करार करताना ब्रेकचा दाखला मागावा. वाहतुकीची बिले त्यांच्याच हातून निघतात, तेव्हा हे त्यांना जड नाही. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतात त्या दिवशीच ट्रॉलीखाली वाकून पाहिले तरी चालेल. गळिताचे बॉयलर पेटायला त्यानंतर थोडे दिवस हाती असतात, आणि लायनिंग बसविण्यास एक दिवस पुरतो.